खासदारांचा ताळेबंद कोण वाचतो?

सप्टेंबर लागला की कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात सभासदांच्या घरी साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल येऊन पडतात. गाळप किती झाले, उतारा किती पडला, बँकांचे देणे किती, तोडणी-वाहतुकीची उचल किती अडकली. अर्धा एकर ऊस असलेला सभासदही त्या आकड्यांवर बोट ठेवून वाचतो. वार्षिक सभेत विरोधी गट माईक मागतो, पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो, क्वचित खुर्च्याही हलतात. सभा कितीही गोंधळाची झाली तरी ताळेबंद छापावा लागतो आणि सभेपुढे ठेवावा लागतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा असो की यशवंतनगरचा सह्याद्री, अध्यक्षांची यातून सुटका नाही. कराडच्या मतदाराचा दिल्लीतला प्रतिनिधी मात्र यातून सुटलेला आहे.

खरे तर खासदाराची कागदपत्रे कारखान्याच्या अहवालापेक्षा अधिक उघडी असतात. लोकसभेत विचारलेले प्रश्न, त्यांना मिळालेली उत्तरे आणि भाषणे संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र उमेदवारी अर्जासोबतच जाहीर होते. प्रचाराच्या खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, द्यावा लागतो आणि नाममात्र शुल्क भरून कोणीही त्याची नक्कल मागू शकतो. 2024 चा निकाल 4 जूनला लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साताऱ्यातल्या सगळ्या उमेदवारांनी हे हिशेब जमा करायचे होते. अर्ज भरण्याच्या दिवसांत कोणाकडे किती तोळे सोने आणि किती गाड्या याच्या चौकटी सगळीकडे झळकतात. जुलैतल्या हिशेबाला तेवढी जागा मिळत नाही.

खासदाराला जाब विचारायचा तर तीन गोष्टी मागायला हव्यात: संसदेत काय केले, अग्रक्रम कशाला दिला आणि निवडणुकीला पैसा कुठून आला. तिसरी गोष्ट सर्वांत कमी विचारली जाते, आणि पहिल्या दोन्हींची उत्तरे बहुधा तिच्यातच दडलेली असतात.

कराडला दिल्लीची ओळख जुनी आहे. 1957 पासून आनंदराव तथा दाजीसाहेब चव्हाण, त्यांच्यामागे प्रेमलाकाकी आणि 1991 पासून पृथ्वीराज चव्हाण. 1980 मध्ये यशवंतराव मोहिते निवडून आले, तो अपवाद सोडला तर चार दशके कराड लोकसभा मतदारसंघ एकाच घराकडे होता. 1999 मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली आणि त्यांचे महाविद्यालयीन मित्र, पाटण तालुक्यातल्या मारूल हवेलीचे श्रीनिवास पाटील सनदी नोकरी सोडून रिंगणात उतरले. पृथ्वीराजबाबा हरले. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि 2009 पासून लोकसभेच्या यादीतून कराड हे नावच गेले. आता कराड उत्तर आणि कराड दक्षिण हे सातारा मतदारसंघाच्या सहा तुकड्यांपैकी दोन आहेत.

इथल्या निकालांवर खासदाराच्या कामाचा प्रभाव किती, हे अलीकडच्या इतिहासावरून कळते. मे 2019 मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. सप्टेंबरात त्यांनी राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. 18 ऑक्टोबरला पवारांनी साताऱ्यात भर पावसात सभा घेतली, 21 ला मतदान झाले आणि श्रीनिवास पाटील 87,717 मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी उदयनराजे राज्यसभेत गेले. 2024 मध्ये भाजपच्या चिन्हावर त्यांनी शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे यांना 32,771 मतांनी हरवले. शिंदे यांच्या तुतारी या चिन्हाशी साधर्म्य असलेले चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला त्या निवडणुकीत 37,062 मते पडली. पक्षफूट, पाऊस आणि चिन्हाचा घोळ यांनी निकाल फिरवले. संसदेत कोणी काय केले, हा प्रश्न या तिन्ही वेळी प्रचारात मागच्या बाकावर बसला होता.

चिन्हाच्या घोळातून एक रास्त मुद्दाही निघतो. प्रचाराला पैसा लागतो, आणि तो सगळाच काळा नसतो. शरद पवारांच्या पक्षाला नवे चिन्ह फेब्रुवारी 2024 मध्ये मिळाले आणि साताऱ्यात मतदान 7 मे रोजी होते. शेजारच्या सांगलीत विशाल पाटलांना अपक्ष म्हणून 'लिफाफा' मिळाला, तोही मतदानाला काही आठवडेच उरलेले असताना. जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांपासून मिरजेच्या मोहल्ल्यापर्यंत तो लिफाफा पोचवायला गाड्या, पत्रके, माणसे लागली असणार. ते लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. गाडी, पेट्रोल आणि कार्यकर्त्याच्या जेवणाशिवाय निवडणूक होत नाही, हे मान्य करूनच पुढचा हिशेब मांडला पाहिजे.

कायद्याने मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 95 लाख रुपये आहे. 2014 मध्ये ती 70 लाख होती. सातारा मतदारसंघात सुमारे 19 लाख मतदार आहेत, म्हणजे माणशी पाच रुपये. एवढ्यात कराडच्या एसटी स्टँडवर कटिंगही येत नाही. या पाच रुपयांवर मात्र कडक पहारा असतो. जिल्हा प्रशासन दरपत्रक काढते आणि त्यात चहाचा कप, वडापाव, प्लास्टिकची खुर्ची, मांडव, टोप्या, उपरणी, भाड्याची जीप अशा बाबींचे दर ठरवून दिलेले असतात. उमेदवाराला स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. प्रचारकाळात त्याची खर्चवही तीनदा तपासली जाते. सभेचे चित्रीकरण होते, खुर्च्या मोजल्या जातात आणि अधिकारी आपली समांतर नोंदवही ठेवतात. उमेदवाराचा माणूस म्हणतो खुर्च्या पाचशे, अधिकाऱ्यांचे चित्रीकरण सांगते हजार, आणि त्यावरून नोटीस निघते.

एवढे करूनही हिशेब कागदावर किती खरा उतरतो, याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच दोन मोठ्या नेत्यांनी देऊन ठेवले आहे. जून 2013 मध्ये मुंबईतल्या एका पुस्तक प्रकाशनात गोपीनाथ मुंडे बोलून गेले की 2009 च्या लोकसभेला आपला खर्च आठ कोटी झाला. त्या वेळची मर्यादा 25 लाखांची होती आणि त्यांनी सादर केलेला हिशेब सुमारे 19 लाखांचा. निवडणूक आयोगाची नोटीस आली, तेव्हा आपले विधान अक्षरशः घेऊ नये असा खुलासा त्यांनी केला. दुसरे प्रकरण अशोक चव्हाणांचे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्या कारकिर्दीचे गोडवे गाणारी पानेच्या पाने वर्तमानपत्रांत आली, आणि भोकरच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च निघाला 5,379 रुपये. पेड न्यूज हा शब्द त्यानंतर महाराष्ट्रात घरोघरी पोचला. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये ठपका ठेवला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश त्याच वर्षी रद्द केला. दोन्ही प्रकरणांत कोणाची खासदारकी-आमदारकी गेली नाही.

पण उमेदवाराच्या वहीतली लपवाछपवी हा लहान भाग झाला. मोठे भगदाड कायद्यानेच ठेवलेले आहे, आणि त्याचा जन्म 1974 चा आहे. त्या वर्षी 3 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात दिल्लीतली एक निवडणूक रद्द केली. उमेदवाराच्या संमतीने पक्षाने किंवा मित्रमंडळींनी केलेला खर्चही त्याच्याच खात्यावर धरायचा, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. महिना उलटायच्या आत इंदिरा गांधींच्या सरकारने अध्यादेश काढला: पक्षाचा खर्च उमेदवाराच्या खात्यावर धरायचा नाही. त्या मंत्रिमंडळात साताऱ्याचे खासदार होते, नुकतेच परराष्ट्रमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण.

कराडात यशवंतरावांच्या साधेपणाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात, आणि त्या सांगायलाच हव्यात. 'विरंगुळा' या घरातले राहणे, पुस्तकांचे वेड, मागे न ठेवलेली माया हे सगळे खरे. पण व्यक्तिगत सचोटी आणि व्यवस्थेची सचोटी हे दोन वेगळे हिशेब आहेत. संपत्तीचा मोह नसलेले नेते ज्या सरकारात बसले होते, त्याच सरकारने निवडणुकीच्या पैशाचा मोठा दरवाजा उघडा ठेवला. आजच्या खासदाराची तुलना 'साहेबां'शी करून उसासा टाकणे सोपे आहे. तो दरवाजा पन्नास वर्षे उघडा का आहे, हे विचारणे अवघड जाते.

2003 मध्ये कायदा थोडा बदलला, तरी गाभा तोच राहिला. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारकांची यादी देता येते. त्यांच्या हेलिकॉप्टरचा आणि प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या वहीत येत नाही. स्टार प्रचारकाने व्यासपीठावर उमेदवाराला शेजारी बसवले तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावावर पडतो, म्हणून कुठे कोणी बसायचे याचाही विचार होतो. पक्षाने स्वतःच्या प्रचारावर किती खर्च करावा, याला मर्यादाच नाही. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला आयोगाला कळवावे लागत नाही. त्यावर 2018 पासून निवडणूक रोख्यांची भर पडली. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली, तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. देशातल्या पक्षांनी मिळून घेतलेल्या या पैशाचा कराडच्या वडापावच्या दरपत्रकाशी काडीचाही संबंध येत नाही.

पैशाचा हा मार्ग खासदाराचे अग्रक्रम ठरवतो. निवडणुकीचा मोठा खर्च पक्ष उचलणार असेल आणि तिकीटही पक्षाच्याच हाती असेल, तर खासदार मतदाराकडे पाहण्याआधी मुंबई-दिल्लीकडे पाहतो. मतदारासाठी मग उरतो खासदार फंड.

या फंडाचे प्रस्थ गावोगावी दिसते. एसटीच्या निवाराशेडवर गावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'खासदार फंडातून' असे रंगवलेले असते. हायमास्टच्या खांबालाही पाटी असते. डिसेंबर 1993 मध्ये सुरू झालेली ही योजना 2011-12 पासून वर्षाला पाच कोटींची आहे. पैसा खासदाराच्या हाती येत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च प्रशासनाचा. कोरोनाकाळात 2020 च्या एप्रिलपासून दीडेक वर्ष योजना बंदच होती. पाच कोटी एकोणीस लाख मतदारांत वाटले तर वर्षाला माणशी सव्वीस रुपये येतात. सहा विधानसभा मतदारसंघांत वाटले तर प्रत्येकी ऐंशी-पंचाऐंशी लाख.

आता याच्या शेजारी उसाचा हिशेब ठेवून पाहावा. वर्षाला दहा लाख टन गाळणारा आणि साडेअकरा टक्के उतारा असलेला कारखाना साडेअकरा कोटी किलो साखर काढतो. साखरेला किलोमागे एक रुपया जास्त मिळाला, तर त्या एका कारखान्याचे साडेअकरा कोटी रुपये वाढतात. खासदाराच्या दोन वर्षांच्या फंडापेक्षा ही रक्कम मोठी आहे, आणि कराड-वाळवा-पलूस पट्ट्यात असे कारखाने अनेक आहेत. केंद्राने साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केला आणि पुढची सहा वर्षे तो तिथेच राहिला. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, त्याच काळात थोडी थोडी वाढत गेली: 2018-19 मध्ये टनाला 2,750 रुपये होती, 2025-26 साठी ती 3,550 ठरली. उताऱ्याचा पाया बदलल्याने दोन्ही आकडे तंतोतंत एका मापाचे नाहीत, पण कात्री कुठे लागली हे कळायला ते पुरेसे आहेत. कच्चा माल महागला, पक्क्या मालाचा किमान दर गोठला, आणि दोन्ही दर दिल्लीत ठरतात. खासदाराचे खरे काम इथे आहे.

अलमट्टीचे तसेच. कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा कर्नाटकाला दिली. 2019 चा महापूर सांगलीने छातीएवढ्या पाण्यात काढला आणि कराडनेही कृष्णा-कोयनेचे पाणी वस्तीत शिरलेले पाहिले. उंचीने पूर किती वाढेल याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे; पण तो वाद केंद्र सरकार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पातळीवरचा आहे आणि दिल्लीत तो मांडण्याची जबाबदारी सातारा-सांगलीच्या खासदारांवर येते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, वनजमिनी आणि कोयना धरणग्रस्तांचे अडलेले पुनर्वसन हा तिसरा गुंता. चौथा कराड-चिपळूण रेल्वेचा. सुमारे शंभर किलोमीटरच्या या मार्गाच्या घोषणा झाल्या, करार झाला, रूळ काही पडले नाहीत. मतदाराने निवाराशेड मागितली की खासदाराची सुटका स्वस्तात होते.

संसदेतली कामगिरी मोजण्याची आता एक फॅशन आली आहे. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, क्रमांक इतकावा. आकडा उपयोगी आहे, पण तो वाचायची रीत हवी. मंत्री झालेला खासदार हजेरीच्या नोंदीत नसतो, प्रश्नही विचारत नाही. अतारांकित प्रश्नांची फैर झाडणे कार्यालयातल्या एका हुशार सहायकालाही जमते. उत्तर आल्यावर त्याचा पाठपुरावा केला का, हे पाहावे लागते. पक्षांतरबंदी कायद्यामुळे 1985 पासून खासदार पक्षादेशाविरुद्ध मत देऊ शकत नाही आणि बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने पार पडतात. तिथेही एका अर्थी 'मंजूर, मंजूर'च चालते, फक्त कृष्णा कारखान्याच्या सभेत कोण ओरडले हे गाव ओळखते. म्हणून शून्य प्रहरात काय मांडले, नियम 377 खाली कोणता विषय नोंदवला, कोणत्या स्थायी समितीत बसून काय विचारले, हे पाहिले पाहिजे. तिथे माणसाची स्वतःची निवड दिसते.

पैशाचा वेगळा मार्ग याच भागात एकदा चालून पाहिला गेला आहे. हातकणंगले मतदारसंघात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा हे दोन विधानसभा मतदारसंघ येतात. ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी तिथून 2009 आणि 2014 मध्ये खासदार झाले. 'एक व्होट, एक नोट' ही त्यांच्या स्वाभिमानी पक्षाची घोषणा होती: मत द्या आणि प्रचारासाठी ऐपतीप्रमाणे नोटही द्या. त्यांच्या संसदीय कामाचा माग या पैशाशी जुळतो. 2018 मध्ये त्यांनी लोकसभेत दोन खासगी विधेयके मांडली, एक शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचे आणि दुसरे हमीभावाच्या हक्काचे. खासगी विधेयकाचा कायदा 1970 नंतर एकदाही झालेला नाही, तेव्हा ती मंजूर होणार नव्हतीच. पण नोट देणाऱ्याचे म्हणणे लोकसभेच्या कामकाजात नोंदले गेले.

मग 2019 ला शेट्टी हरले आणि 2024 ला तिसऱ्या क्रमांकावर गेले. लोकवर्गणीचा मार्गच फसवा, असा अर्थ यातून काढणारे आहेत. तो घाईचा वाटतो. 2019 मध्ये शेट्टी ज्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीतून उभे होते, त्याच पक्षांच्या कारखानदारांशी त्यांनी आयुष्यभर ऊसदरासाठी भांडण केले होते. नोट देणाऱ्यांपैकी अनेकांना ते पटले नाही, असे म्हणायला जागा आहे. तसे असेल तर वर्गणीदाराने खासदाराला जाब विचारला आणि खुर्चीवरून उतरवले. रोखे घेतलेल्या पक्षाला त्याच्या देणगीदाराने असे उतरवल्याचे मतदाराला दिसण्याची सोयच नव्हती.

यावर दोन उपाय पुढे केले जातात. मर्यादा वास्तवाला धरून वाढवा, म्हणजे खोटे हिशेब कमी होतील. आणि सरकारनेच निवडणूक खर्च उचलावा. पहिला वेळोवेळी अमलात आला: 25 लाखांचे 40, 40 चे 70, 70 चे 95. वडापावची वही तशीच राहिली. दुसऱ्याची शिफारस इंद्रजित गुप्ता समितीने 1998 मध्येच केली, तीही काही अंशी आणि वस्तुरूपात. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नसताना सरकारी पैसा दिला, तर तो वरकड ठरेल. ब्रिटनने 2000 मध्ये पक्षांच्या देशव्यापी प्रचारखर्चावरही मर्यादा घातली. तिथली लोकशाही त्यामुळे थांबलेली नाही.

सातारा आणि सांगलीच्या मतदाराने सुरुवात घरापासून करावी. कराडात वेणूताई चव्हाण स्मारकाचे सभागृह आहे. खासदारांनी वर्षातून एकदा तिथे छापील अहवाल घेऊन यावे: कोणते प्रश्न, कोणती उत्तरे, साखरदर आणि अलमट्टीवर कोणाची भेट घेतली, फंडातली कोणती कामे कुठे अडली. सहाही मतदारसंघांत अशी एकेक सभा घ्यायला आठवडा पुरेल. दुसरे, महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र विभागांनी निवडणूक खर्चाच्या नकला मागवाव्यात, विद्यार्थ्यांनी त्या मतदारसंघात पाहिलेल्या सभांशी ताडून पाहाव्यात आणि वर्तमानपत्रांनी निष्कर्ष छापावेत. या दोन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही.

तिसऱ्याला लागतो. पक्षाच्या खर्चावर मर्यादा घालायची आणि वीस हजारांखालच्या देणगीदारांचीही नोंद करायची, तर लोकप्रतिनिधित्व कायदा बदलावा लागेल. अधिवेशनातल्या शुक्रवारची दुपार खासगी कामकाजासाठी राखून ठेवलेली असते आणि विधेयक मांडायला महिन्याची पूर्वसूचना पुरते. विधेयकाची नोटीस द्यायला पक्षादेश आड येत नाही. कराडच्या पहिल्या सभेत खासदारांना हा प्रश्न विचारून त्यांचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येईल.